पावसाच्या पाण्यातून लिथियम-७ ची उत्तेजित अवस्था मोजायची कशी

ठाण्यात आणि नवी मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस पडतो, त्यात बेरिलियम-७ असतं. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरण नायट्रोजन आणि ऑक्सिजनची अणुकेंद्रं फोडतात. त्या चुऱ्यातून हे बेरिलियम तयार होतं, बारीक धूलिकणांना चिकटतं आणि सरींबरोबर गच्चीवर येतं. त्याचं अर्धायुष्य ५३.२ दिवस. विघटन होऊन त्याचं लिथियम-७ बनतं, आणि १०.४ टक्के वेळा हे लिथियम उत्तेजित अवस्थेतच जन्माला येतं, मग जादा ऊर्जा ४७७.६ केईव्हीच्या (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) गॅमा किरणाच्या रूपात टाकून तळ अवस्थेत उतरतं. हलक्या अणुकेंद्राची उत्तेजित अवस्था बघायला त्यामुळे त्वरकच (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) हवा असं नाही. वीस लिटर पावसाचं पाणी, दोन-तीन रसायनं, एक सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि रात्रभराची मोजणी एवढ्यावर काम भागतं. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत यातलं बहुतेक सामान असतंच.

पाणी धरताना

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी मिळतं. जुलैत घोडबंदर रोडला किंवा ऐरोलीला वीस मिलिमीटर पाऊस पडायला एखादी चांगली सर पुरते, म्हणून एक चौरस मीटरची स्वच्छ प्लास्टिकची शीट घ्यायची. ती गच्चीवर चार विटांवर किंवा स्टुलांवर टेकवून मध्ये झोळ द्यायचा आणि खाली जार ठेवायचा. शीट जमिनीपासून हातभर तरी वर हवी. नाहीतर गच्चीच्या लादीवरून उडालेलं पाणी आत येतं, आणि सिमेंटमधलं पोटॅशियम-४० आणि थोरियमची साखळी त्याच्याबरोबर येते. पाण्याच्या टाकीखालची आणि पत्र्याच्या शेडखालची जागा टाळा. कबुतरं बसतात ती जागा तर नकोच. विष्ठेतले सेंद्रिय पदार्थ पुढे घालायच्या लोखंडाला धरून ठेवतात आणि साका (द्रावणातून वेगळा होऊन तळाला बसणारा घन पदार्थ) नीट बसत नाही.

पहिल्या पावसाचं पाणी घ्यावं का? बेरिलियम त्यात जास्त असतं हे खरं, कारण बरेच दिवस हवेत साठलेलं एकदम धुऊन येतं. पण बांधकामाची धूळही त्यातच येते. आमच्या मते जूनअखेर किंवा जुलैत तीन-चार दिवसांची उघडीप गेल्यावर जी पहिली मोठी सर येते, ती सगळ्यांत उत्तम. सलग आठ दिवस झोडपल्यानंतरचं पाणी घेऊ नका. हवा धुतली गेलेली असते आणि लिटरमागे हाती फार थोडं लागतं. पावसात बेरिलियम-७ साधारणपणे लिटरला काही दशांश बेकेरेल ते एक-दोन बेकेरेल असं सापडतं (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन).

जारमध्ये पाणी पडण्याआधीच आम्ल असायला हवं. वीस लिटरच्या जारमध्ये आधी एक लिटर डिस्टिल्ड पाणी घाला, त्यात २० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश ओता आणि मग जार शीटखाली ठेवा. जार भरल्यावर पीएच २ च्या आसपास येतो. हे टाळलं तर बेरिलियमचे आयन काही तासांत प्लास्टिकच्या भिंतीला आणि तळाच्या धुळीला चिकटतात. मग पाणी ओतून घेतलं तरी माल जारमध्येच राहतो. मोजणीत काहीच सापडलं नाही अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं.

साका पाडताना

वीस लिटर पाणी डिटेक्टरवर ठेवता येत नाही, आणि आटवायचं म्हटलं तर दोन दिवस गॅस जळतो. त्यापेक्षा फेरिक हायड्रॉक्साइडबरोबर बेरिलियम खाली बसवणं सोपं. स्थिर बेरिलियमचा क्षार वाहक म्हणून घालायचा मोह टाळा. बेरिलियम विषारी आहे आणि इथे त्याची गरजही नाही.

लिटरला २० मिलिग्रॅम लोखंड पुरतं. वीस लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा रेणू पाणी असलेलं फेरिक क्लोराइड १.९ ग्रॅम. ते थोड्या पाण्यात विरघळवून आम्लयुक्त पावसाच्या पाण्यात टाका, चांगलं ढवळा आणि तासभर तसंच राहू द्या. मग फ्यूम हूडखाली किंवा मोकळ्या हवेत ढवळत ढवळत अमोनियाचं द्रावण घाला. अंदाजे २० ते २५ मिली लागेल, पण थांबायचं ते पीएच कागद बघून: ८ ते ९ च्या मध्ये. पाणी आधी फिकट पिवळं दिसतं, मग चहासारखं, आणि पीएच ६ ओलांडला की अचानक विटकरी रंगाचे कापसासारखे गोळे दिसू लागतात. अमोनियाऐवजी कॉस्टिक सोडा वापरू नका. बेरिलियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे. सोड्याचा हात जरा जड पडला की ते पुन्हा विरघळतं आणि वरच्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

रात्रभर ठेवलं की साका तळाला बसतो. सकाळी रबरी नळीने वरचं नितळ पाणी काढून घ्या, पण फेकू नका. उरलेलं दीड-दोन लिटर व्हॉटमन ४१ कागदातून बुकनर फनेलवर गाळा. हा साका चिकट असतो. बारीक छिद्रांचा ४२ नंबरचा कागद घेतला तर दुपार तिथेच जाते. कागद ६० अंशांच्या आसपास वाळवा, चपटा करा आणि पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत सील करा. वाळल्यावर साका जेमतेम पाऊण ग्रॅम भरतो.

किती बेरिलियम हाती लागलं हे तपासायची एक युक्ती आहे. काढून ठेवलेलं नितळ पाणी पुन्हा आम्लयुक्त करा, तेवढंच लोखंड घाला आणि दुसरा साका पाडा. दुसऱ्याची मोजणी पहिल्याच्या १२ टक्के आली तर पहिल्या खेपेला ८८ टक्के निघालं. दर खेपेला तोच वाटा निघतो असं धरलं तर दुसऱ्या आणि पहिल्या मोजणीचं गुणोत्तर म्हणजेच पहिल्या खेपेला मागे राहिलेला भाग.

याच पद्धतीने वीस लिटर डिस्टिल्ड पाण्यात तेवढंच आम्ल, लोखंड आणि अमोनिया घालून एक कोरा नमुनाही करा. रसायनांतलं पोटॅशियम, कागदातली अशुद्धी, डिटेक्टरभोवतीच्या भिंती हे सगळं त्या नमुन्यात मोजलं जातं. हा कोरा नमुना केला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

डिटेक्टरवर

इथून पुढे तीन इंच व्यासाचा आणि तीन इंच उंचीचा सोडियम आयोडाइड स्फटिक, भोवती पाच सेंटिमीटर शिसं आणि मल्टिचॅनल अ‍ॅनालायझर गृहीत धरला आहे. ऊर्जेची मोजपट्टी बसवायला प्रयोगशाळेतले सीलबंद उद्गम वापरा: सीझियम-१३७ चा ६६१.७, सोडियम-२२ चे ५११ आणि १२७४.५, बेरियम-१३३ चा ३५६. वर आणखी एक बिंदू हवा असेल तर पोटॅशियम क्लोराइडची बाटलीच डिटेक्टरला लावा, १४६०.८ केईव्हीची रेषा मिळते. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे १६ बेकेरेल असतात, त्यामुळे पावसातून काढलेल्या तुमच्या साक्याची भीती बाळगायचं कारण नाही. तो या बाटलीतल्या चमचाभर पुडीपेक्षाही सौम्य असतो.

पावसाळ्यात या डिटेक्टरचा खरा शत्रू दमट हवा आणि तापमान. रात्री एसी बंद झाला की खोलीचं तापमान चढतं, स्फटिकाचा प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरचा (तो प्रकाश विद्युत संकेतात बदलणाऱ्या नळीचा) गेन, म्हणजे वर्धन, दोन्ही सरकतात, आणि ४७८ चं (म्हणजे ४७७.६ चं)  शिखर सकाळपर्यंत पाच-दहा केईव्ही बाजूला गेलेलं असतं. उच्च विद्युत दाबाच्या कनेक्टरवर ओल धरली तर गळती होऊन खालच्या चॅनलमध्ये खोट्या मोजण्यांचा ढीग येतो. कनेक्टर कोरड्या कपड्याने पुसा, सिलिका जेलची पुडी जवळ ठेवा, उच्च दाब किमान दोन तास आधी चालू करा आणि मोजणी संपेपर्यंत एसी एकाच तापमानावर ठेवा. बारा तासांचा एकच स्पेक्ट्रम घेण्याऐवजी एकेका तासाचे बारा घ्या. प्रत्येकात भिंतीतल्या पोटॅशियमचं १४६०.८ चं शिखर कुठे आहे ते बघून मोजपट्टी सरळ करा आणि मग बेरीज करा. मध्येच वीज गेली तरी एकच तास वाया जातो.

त्याच जागी बसणारे तोतये

सीझियम-१३७ आधी कपाटात, शिशाच्या डब्यात, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या ६६१.७ केईव्हीच्या गॅमाची कॉम्प्टन कड (इलेक्ट्रॉनवर आदळून निसटणारा गॅमा त्याला देऊ शकतो ती कमाल ऊर्जा) ४७७.३ केईव्हीवर येते, जवळपास बेरिलियमच्या रेषेच्या डोक्यावरच! टेबलावर विसरलेला उद्गम अगदी पटेल असा कुबड दाखवतो. ओळखायचं कसं? ६६२ ला शिखर दिसतंय का ते बघा.

दुसरा तोतया ५११ केईव्हीचा, पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भिडून नष्ट होताना निघणारा. शिशात विश्वकिरणांमुळे होणारी जोडनिर्मिती आणि थॅलियम-२०८ यांच्यामुळे हे शिखर नेहमीच असतं. बेरिलियम-७ पॉझिट्रॉन सोडत नाही, कारण त्याच्याकडे विघटनाची ऊर्जा फक्त ८६२ केईव्ही आहे आणि पॉझिट्रॉनला १०२२ लागते. ५११ कडे बोट दाखवून 'हे बेरिलियमचं' म्हणू नका. ६६२ ला ७ टक्के विभेदन (शिखराची रुंदी भागिले ऊर्जा) असलेल्या डिटेक्टरचं शिखर ४७८ ला सुमारे ३९ केईव्ही रुंद येतं, आणि दोन रेषांमधलं अंतर आहे जेमतेम ३३. म्हणून ४७८ ची रेषा ५११ च्या खांद्यासारखी दिसते. कोरा नमुना वजा केला की ५११ नाहीसं व्हायला हवं. वजाबाकीनंतर एका बाजूला खड्डा आणि लगेच दुसऱ्या बाजूला उंचवटा उरला, तर ती नवी रेषा नाही. दोन मोजण्यांमध्ये गेन सरकलाय, मोजपट्टी पुन्हा जुळवा.

तिसरा गट रेडॉनच्या लेकरांचा, म्हणजे रेडॉन वायूच्या विघटनातून बनणाऱ्या अणूंचा. ताज्या पावसात शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ भरपूर असतात. सर थांबल्याबरोबर पाणी मोजलं तर ३५२ आणि ६०९ च्या शिखरांपुढे बेरिलियम शोधावं लागेल. त्यांची अर्धायुष्यं सुमारे २७ आणि २० मिनिटं, त्यामुळे चार-पाच तासांत ती मरतात. साका रात्रभर ठेवल्याने हा प्रश्न आपोआप मिटतो. थोरियम साखळीतलं शिसं-२१२ मात्र १०.६ तासांचं आहे. ते २३८.६ केईव्हीवर दिसत असेल तर दोन-तीन दिवस थांबून मोजा. धूळ आलीच असेल तर अ‍ॅक्टिनियम-२२८ ची ४७८ च्या आसपास एक बारीक रेषा असते. तिची परीक्षा ९११ केईव्हीवर: तिथे काही नसेल तर ४७८ लाही अ‍ॅक्टिनियमचा वाटा नाही.

जर्मेनियम डिटेक्टर मिळाला तर या तोतयांपैकी बहुतेकांचा निकाल लगेच लागतो, कारण तिथे रेषा दीड केईव्हीच्या आसपास रुंद असते. अ‍ॅक्टिनियमची बारीक रेषा तेवढी तिथेही चिकटून बसते.

हिशेब

कार्यक्षमता (निघालेल्या गॅमांपैकी किती शिखरात मोजले जातात तो वाटा) ४७८ ला थेट मोजायला सोयीचा उद्गम सहसा नसतो, म्हणून ३५६ आणि ६६२ वरून लॉग-लॉग आलेखावर मधला आकडा काढायचा. सोडियम-२२ चा ५११ या कामाला वापरताना दोन चुका होतात. एका पॉझिट्रॉनमागे दोन फोटॉन हे विसरलं जातं, आणि उद्गम स्फटिकाला टेकवला असेल तर १२७४.५ चा गॅमा त्याच वेळी आत शिरून मोजणी शिखरातून पळवतो. बेरियमलाही हाच त्रास आहे. बेरिलियमचा गॅमा एकटाच असतो, त्याला हा त्रास नाही. शिवाय उद्गम बिंदूएवढा आणि तुमचा कागद ४७ मिलिमीटरचा, म्हणून उद्गम एकदा मध्यावर आणि एकदा कडेला ठेवून सरासरी घ्या.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. लिटरला १ बेकेरेल, वीस लिटर, साक्यात ८५ टक्के आलं: कागदावर १७ बेकेरेल. त्याला ०.१०४४ (विघटनामागे गॅमा निघण्याचा वाटा) आणि समजा ८ टक्के कार्यक्षमता यांनी गुणलं की सेकंदाला ०.१४ मोजण्या, तासाला सुमारे ५११ (हा आकडा ५११ निघाला हा निव्वळ योगायोग, जर्नलमध्ये त्यावरून गोंधळ करू नका). रेषेभोवतीच्या ऊर्जेच्या खिडकीत पार्श्वभूमी सेकंदाला १.५ धरली तर तासात ५४००. नमुना आणि कोरा दोन्ही तासभर मोजले तर फरकाची अनिश्चितता सुमारे १०६, म्हणजे रेषा जेमतेम पाच सिग्माने (या अनिश्चिततेच्या पाच पट) दिसते. दोन्ही बारा-बारा तास मोजले की ६१०० मोजण्यांवर सुमारे ३७० ची अनिश्चितता, सोळा सिग्माच्याही वर. याच बारा तासांत शोधता येणारी किमान पातळी लिटरला ०.२ बेकेरेलच्या जवळ येते. पाऊस त्याहून फिका असेल तर वीसऐवजी चाळीस लिटर धरा. मोजणीचा वेळ दुप्पट केल्याने पातळी फक्त १.४ पटीने खाली येते, पाणी दुप्पट केल्याने निम्म्यावर.

रेषेवरून अवस्था वाचताना

लिथियम-७ च्या तळ अवस्थेचा स्पिन ३/२, पहिल्या उत्तेजित अवस्थेचा १/२, पॅरिटी दोन्हींची ऋण. पाठ्यपुस्तकातला सोपा अर्थ असा, की शेवटचा प्रोटॉन पी-३/२ कक्षेतून पी-१/२ कक्षेत गेला. पण ४७८ केईव्ही हे अंतर त्यासाठी फारच लहान आहे. याच दोन कक्षांमधल्या अंतराचा अंदाज नायट्रोजन-१५ मध्ये सव्वासहा एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) पुढे जातो. लिथियम-७ ला अल्फा आणि ट्रायटॉन (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) असे दोन गोळे एकमेकांभोवती फिरताहेत असं मानलं तर जास्त जुळतं. फिरण्याचा कोनीय संवेग १ आणि ट्रायटॉनचा स्पिन १/२ यांच्या जोडीतून ३/२ आणि १/२ येतात. संवेग ३ झाला की ७/२ आणि ५/२, आणि त्या अवस्था खरोखर ४.६३ आणि ६.६८ एमईव्हीवर आहेत. त्या दोन्ही २.४७ एमईव्हीच्या उंबरठ्याच्या वर असल्याने फुटून अल्फा आणि ट्रायटॉन बाहेर पडतात. ४७८ ची अवस्था उंबरठ्याच्या खूप खाली आहे, तिला गॅमाशिवाय दुसरी वाट नाही. आरशातल्या जोडीदाराकडे, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या संख्यांची अदलाबदल झालेल्या बेरिलियम-७ कडे बघितलं तर तीच १/२ अवस्था ४२९ केईव्हीवर भेटते.

आता शाखांचं प्रमाण. बेरिलियम-७ स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळून आणि न्यूट्रिनो बाहेर टाकून लिथियम होतं, हेच इलेक्ट्रॉन कॅप्चर. त्याचा वेग न्यूट्रिनोच्या ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वरच्या अवस्थेत जाताना न्यूट्रिनोला ३८४ केईव्ही मिळते, तळात जाताना ८६२, वर्गांचं गुणोत्तर ०.२०. प्रत्यक्षात शाखांचं गुणोत्तर १०.४४ भागिले ८९.५६, म्हणजे ०.११७. दोन्हींचा भागाकार सुमारे ०.५९. उत्तेजित अवस्थेकडे जाणारी वाट तळाकडच्या वाटेपेक्षा मुळातच अरुंद आहे, कारण तळाकडे फर्मी (केंद्राचा स्पिन न बदलणारा) आणि गॅमो-टेलर (स्पिन बदलू शकणारा) दोन्ही मार्गांनी जाता येतं आणि १/२ कडे फक्त गॅमो-टेलरने.

गॅमाचा प्रकारही हिशेबाने काढता येतो. ३/२ आणि १/२ मध्ये पॅरिटी बदलत नाही, म्हणून चुंबकीय द्विध्रुव किंवा विद्युत चतुर्ध्रुव. वाइसकॉफचा अंदाज (एकच कण अवस्था बदलतो असं धरून काढलेला; रुंदी जितकी जास्त तितकं अवस्थेचं आयुष्य कमी) द्विध्रुवासाठी: ०.०२१ गुणिले ऊर्जेचा घन (एमईव्हीत) म्हणजे ०.००२३ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदी. चतुर्ध्रुवाची रुंदी याच्या लाखाव्या भागाहूनही कमी येते, ती सोडून द्या. मोजलेलं सरासरी आयुष्य १०५ फेम्टोसेकंद, त्याची रुंदी ०.००६३, म्हणजे अंदाजाच्या पावणेतीन पट. तुलनेला सोडियम-२२ मधून येणारी निऑन-२२ ची १२७४.५ केईव्हीची अवस्था घ्या. ऊर्जा अडीच पटींहून जास्त, तरी आयुष्य सुमारे ५ पिकोसेकंद, लिथियमच्या पन्नासपट. तो गॅमा चतुर्ध्रुव आहे, आणि तोही वाइसकॉफच्या अंदाजापेक्षा बारा पट वेगाने निघतो, कारण त्या केंद्रातले बरेच कण एकत्र हलतात.

तोंडी परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न इथेच आहे. तुम्ही कागदावर मोजता ते ५३ दिवस बेरिलियमचे. लिथियमची उत्तेजित अवस्था त्यातली एक ठिणगी, तिचं आयुष्य या प्रयोगात दिसत नाही. ते मोजायला अनुस्पंदी विकिरणासारख्या पद्धती लागतात. जर्मेनियमवरची तुमची रेषाही अरुंदच दिसेल. न्यूट्रिनोच्या धक्क्याने लिथियमला फक्त ११ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात आणि डॉप्लरने रेषा २८ इलेक्ट्रॉनव्होल्टच सरकते. बोरॉन-१० ने न्यूट्रॉन गिळून हीच अवस्था तयार झाली तर लिथियम ०.८४ एमईव्हीने पळत असतं, आणि तीच ४७८ ची रेषा १५ केईव्हीपर्यंत फुगते. जवळपास न्यूट्रॉनचा उद्गम आणि बोरॉनयुक्त कवच असेल तर हे फुगलेलं शिखर पार्श्वभूमीत दिसतं, तेव्हा पावसाचा नमुना तिथे मोजू नका.

रेषा बेरिलियमचीच आहे याची शेवटची खात्री काळ करून देतो. तोच सीलबंद कागद त्याच जागी ठेवून १५, ३०, ६० आणि १०६ व्या दिवशी मोजा. पहिल्या मोजणीच्या अनुक्रमे ८२, ६८, ४६ आणि २५ टक्के उरायला हवं. जुलैच्या मध्यात धरलेला साका ऑक्टोबरच्या अखेरीस पावभर उरतो. लॉग आलेखावरची रेषा सुरुवातीला खाली झुकली तर पहिल्या मोजणीत शिसं-२१२ शिल्लक होतं, तो बिंदू वगळा. शेवटी सपाट झाली तर कोऱ्या नमुन्याची वजाबाकी कमी पडते आहे. कोरा नमुनाही प्रत्येक वेळी त्याच आठवड्यात नव्याने मोजा, जुलैतली पार्श्वभूमी ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तशीच राहत नाही.